जुना सोल्डरिंग आयर्न : तापतो म्हणून चांगला, असे नव्हे

पावसाळा लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या रिपेअरिंगच्या दुकानांत एका कामाची रीघ लागते. शेतात कपाशी आणि सोयाबीनवर फवारणी सुरू होते आणि बॅटरीवर चालणारे फवारणी पंप दुरुस्तीला येऊ लागतात. कुणाच्या पंपाची चार्जिंगची पिन तुटलेली असते, कुणाच्या मोटारीची वायर सुटलेली असते. त्यातच मोबाईल, पंखे आणि विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर यांचीही भर पडते. या प्रत्येक कामाला शेवटी कथलाचा डाग द्यावाच लागतो. मग एका सोल्डरिंग आयर्नवर भागत नाही. खामगाव असो, मलकापूर, चिखली किंवा मेहकर असो, कारागीर भंगाराच्या दुकानातून किंवा धंदा बंद केलेल्या एखाद्या दुकानदाराकडून जुना आयर्न घेतो, त्याला नवी वायर लावतो आणि कामाला लागतो.

जुनी वस्तू दुरुस्त करून वापरण्यात काहीच वावगे नाही. आमच्या हजारो कारागीर बंधूंची रोजी त्याच हुन्नरावर चालते. परंतु या एका वस्तूच्या बाबतीत आमचे कारागीर परीक्षा चुकीची घेतात. आयर्न प्लगात घालायचा, टोक राळेला लावायचे, धूर निघाला की माल चांगला. यात आयर्न तापतो की नाही एवढेच कळते. त्याच्या धातूच्या अंगात करंट उतरतो की नाही, हे यातून मुळीच कळत नाही. हाच या लेखाचा मुद्दा आहे.

खामगावच्या एका दुकानात आम्ही बसलो असताना पाहिलेला प्रसंग सांगतो. एका तरुण शागिर्दाने भंगारातून २५ वॅटचा आयर्न आणला होता. सिरीजचा बल्ब लावून त्याने पिन आणि टोक यांच्यामध्ये तपासले. बल्ब पेटला नाही. तो म्हणाला, "उस्ताद, माल एकदम ठीक आहे. बॉडी शॉर्ट नाही." उस्तादांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बेटा, बल्बाला काय विचारतोस? मीटरला विचार." मीटर लावला तर फेजची पिन आणि टोक यांच्यामध्ये सुमारे २० हजार ओहम दिसले. तेथे रेघ ओलांडून अनंत दिसायला हवे होते. शागीर्द म्हणाला, "२० हजार म्हणजे पुष्कळच झाले ना?" उस्तादांनी हिशेब मांडला : २३० व्होल्टला २० हजारांनी भागले तर साडेअकरा मिलिअँपियर येतात. ओल्या हाताने हा आयर्न धरला तर हात सुटणार नाही. बल्ब मात्र गप्पच राहील.

त्या हिशेबाचा अर्थ प्रत्येक कारागिराने समजून घेतला पाहिजे.

आतली रचना

साधा आयर्न उघडून पाहिला तर समोर तांब्याचे टोक, म्हणजे बिट असते. बिट धातूच्या नळीत बसते. नळीवर अभ्रकाचा पातळ पापुद्रा असतो, त्यावर नायक्रोमची बारीक तार गुंडाळलेली असते, वर पुन्हा अभ्रक आणि त्यावर पत्र्याचे कवच असते. मागे हँडल असते आणि त्याच्या आत एलिमेंटची टोके कॉर्डला जोडलेली असतात. म्हणजे २३० व्होल्टची तार आणि आपण ज्या धातूने काम करतो तो धातू यांच्यामध्ये कागदाएवढ्या जाडीचे अभ्रक असते. आपला जीव त्या पापुद्र्याच्या भरवशावर असतो.

अभ्रक उष्णता उत्तम सोसते, पण आघात सोसत नाही. चिकटलेले कथील झटकण्यासाठी आयर्न टेबलावर आपटण्याची सवय पुष्कळांना असते. प्रत्येक आपटीबरोबर अभ्रकाला तडा जाण्याची शक्यता वाढते. बिटाच्या फटीतून राळ, पेस्ट आणि कथलाचे कण आत शिरतात आणि तेथे जळून काळी पुटे धरतात. ही जळकी राळ म्हणजे कोळसाच, आणि कोळशातून वीज वाहते. बिट पकडणारा मूळचा स्क्रू हरवला म्हणून कुणी लांब स्क्रू घातला, तर तो आत एलिमेंटला टेकू शकतो. आणि वर्षभर भंगारात पडलेल्या आयर्नमध्ये पावसाळ्याची दमट हवा शिरून बसते. जुन्या मालात यांपैकी एक तरी ऐब सापडतोच.

किती करंट जिवाला घातक?

माणूस व्होल्टेजने मरतो असे आपण म्हणतो. शरीरातून करंट किती गेला आणि किती वेळ गेला, यावर खरे तर सगळे अवलंबून असते. एक मिलिअँपियरला नुसती चुणचुण जाणवते. दहा मिलिअँपियरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे श्वास अडकू लागतो. पन्नास ते शंभर मिलिअँपियर करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. शंभर मिलिअँपियर म्हणजे किती? २५ वॅटचा आयर्न स्वतः तापायला जेवढा करंट घेतो, जवळजवळ तेवढाच : ११० मिलिअँपियर.

कोरड्या हाताचा अडथळा बराच मोठा असतो, पण घामाने भिजलेल्या शरीराचा अडथळा हजार ओहमपर्यंत खाली येतो. आपल्याकडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. पत्र्याचे छत, घामाने थबथबलेले हात आणि फरशीवर अनवाणी पाय. पावसाळ्यात फरशीच ओली असते. या स्थितीत आयर्नच्या धातूत थेट फेज उतरला, तर हिशेबाने २३० मिलिअँपियर शरीरातून जाऊ शकतात.

पुष्कळांना वाटते की असे झाले तर फ्यूज उडेल. फ्यूज पाच अँपियरचा असतो, एमसीबी सहा अँपियरचा असतो. ३० मिलिअँपियरच्या तुलनेत सहा अँपियर म्हणजे दोनशे पट. फ्यूज आणि एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतात. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्यांच्या हिशेबातच नसतो. भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतल्या पुष्कळांच्या घरात फ्यूज होताच.

सिरीज बल्ब आणि टेस्टर यांची मर्यादा

सिरीजचा बल्ब हे आपल्या बाजारातले जुने आणि उपयोगी साधन आहे. मोटार पूर्ण शॉर्ट आहे की नाही, हे तो चटकन सांगतो. पण १०० वॅटच्या बल्बाला पूर्ण पेटायला सुमारे ४३५ मिलिअँपियर लागतात. त्यातून ३०-४० मिलिअँपियर गेले तर त्याची तार लालसुद्धा होत नाही. म्हणजे जेवढा करंट माणसाचा श्वास अडकवू शकतो, तेवढ्याने बल्बाला काहीच होत नाही. बल्ब पेटला तर आयर्न खात्रीने खराब समजावा. पण बल्ब पेटला नाही, म्हणून तो चांगला समजू नये.

उलटी चूकही होते. चांगला २५ वॅटचा आयर्न १०० वॅटच्या बल्बाबरोबर सिरीजमध्ये लावला, तर बल्ब दिसण्याइतका पेटत नाही. मग कारागीर म्हणतो, "एलिमेंट गेले," आणि चांगले एलिमेंट फेकून देतो. शिवाय सिरीजची दोन्ही टोके वापरताना उघडी असतात आणि त्यांतले एक जिवंत असते. तपासणाऱ्यालाच धक्का बसण्याचे प्रकार त्यामुळेच होतात.

टेस्टरचीही गोष्ट अशीच आहे. टेस्टर फारच थोड्या करंटवर पेटतो. दोन पिनच्या चांगल्या आयर्नवरही कधी कधी तो मंद पेटतो. भर उजेडात पेटलेला दिसत नाही, आणि पायात जाड रबराची चप्पल असली तर आणखी मंद होतो. टेस्टर पेटला तर सावध व्हावे, पण तो पेटला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

तपासणीचा योग्य क्रम

आज साधा डिजिटल मल्टिमीटर प्रत्येक रिपेअरिंगच्या टेबलावर असतो. पहिल्या चार तपासण्या आयर्न प्लगातून बाहेर असताना करायच्या आहेत. बटन बंद करणे पुरेसे नाही, कारण वायरिंग उलटी असेल तर बटन न्यूट्रल तोडते आणि फेज आयर्नमध्ये तसाच राहतो.

पहिली तपासणी डोळ्यांची. कॉर्ड बोटांतून सरकवत पूर्ण पाहावी. गरम टोक लागून भाजलेली जागा, टेपने झाकलेला जोड, हँडलजवळ मोडलेली वायर, तडकलेले हँडल, दोन पिनचा प्लग यांपैकी काहीही दिसले तर दुरुस्ती होईपर्यंत वीज द्यायची नाही. कंपनीच्या पट्टीवर व्होल्ट आणि वॅट वाचावेत. ११० व्होल्टचा आयर्न आपल्या २३० वर लावला तर तो चौपटीहून जास्त वीज खेचतो आणि जळतो. परदेशातून आलेल्या हत्यारांच्या बाबतीत ही काळजी अवश्य घ्यावी. सौदी अरबमध्ये घरगुती वीज बरीच वर्षे १२७ व्होल्टचीही होती, आणि तेथून आणलेली जुनी हत्यारे आपल्याकडे अनेक घरांत आहेत.

दुसरी तपासणी अर्थची. मीटर २०० ओहमवर ठेवावा. एक टोक प्लगाच्या मोठ्या पिनेला, दुसरे आयर्नच्या बिटाला लावावे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा वजा करून एक ओहमपेक्षा कमी यायला हवे. ही तपासणी चालू असताना कॉर्ड हँडलजवळ आणि प्लगाजवळ हलवून पाहावी. आकडा नाचू लागला तर आत अर्थची वायर तुटत आलेली आहे.

तिसरी तपासणी एलिमेंटची. मीटर फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये लावावा. नायक्रोमच्या एलिमेंटसाठी २३० व्होल्टवर २५ वॅटला सुमारे २,१०० ओहम, ३५ वॅटला १,५०० आणि ६० वॅटला ८८० ओहम यायला हवेत. थोडा फरक चालतो. पण २५ वॅटच्या आयर्नमध्ये ५०० ओहमच्या आसपास दिसले, तर तो ११० व्होल्टचा असण्याचा संभव आहे. चिनी मातीच्या एलिमेंटचा आयर्न थंड असताना याहून कमी दाखवू शकतो. तेथे कंपनीचा आकडा पाहावा.

चौथी तपासणी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे गळतीची. फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडाव्या. त्या आणि बिट यांच्यामध्ये मीटर सर्वांत वरच्या मेगाओमच्या रेंजवर लावावा. बोटे मीटरच्या टोकांना लागू देऊ नयेत, नाहीतर आपल्याच शरीराचा अडथळा मोजला जातो. चांगल्या आयर्नमध्ये मीटर अनंत दाखवतो. दोन मेगाओमच्या खाली आला तर आयर्न वापरू नये. मल्टिमीटर थोड्या व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो, म्हणून काही ऐब त्याला दिसत नाहीत. शेजारच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ५०० व्होल्टचा मेगर असतो. दोन मिनिटांचे काम आहे, त्यांच्याकडून ते करून घ्यावे.

पाचवी तपासणी गरम असताना. तडा गेलेले अभ्रक थंड असताना गुण लपवते आणि तापल्यावर दाखवते. म्हणून वरच्या चारही तपासण्यांत पास झालेला आयर्न स्टँडवर ठेवून, हात न लावता, ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीमागच्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये दहा मिनिटे तापवावा. प्लग काढून लगेच गळती पुन्हा मोजावी. आरसीसीबी पडला किंवा मेगाओमचा आकडा खाली आला तर एलिमेंट बाद.

यात एक सवलत आहे. पावसाळ्यात पडून राहिलेल्या आयर्नमध्ये थंड असताना गळती दिसली, तर ती नुसत्या ओलीमुळेही असू शकते. दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून पुन्हा मोजावे. आकडा वर चढून दोन मेगाओमच्या पार गेला, तर पाचव्या तपासणीला घ्यावा. ओला आयर्न "वीज दिली की आपोआप वाळेल" म्हणून तसाच प्लगात घालू नये.

दुरुस्ती कशी करावी

कॉर्ड तीन तारांचीच असावी. रबराची किंवा उष्णता सोसणारी सिलिकॉनची असेल तर उत्तम. साध्या प्लॅस्टिकच्या वायरीला गरम टोक लागले की ती क्षणात वितळते. हँडलच्या आत अर्थची वायर बाकी दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी. कॉर्डला झटका बसून तारा सुटल्या, तरी अर्थ सर्वांत शेवटी सुटेल. तीन पिनच्या प्लगातली अर्थची पिन लांब आणि जाड असते. सॉकेटमध्ये ती सर्वांच्या आधी लागते आणि सर्वांच्या नंतर सुटते. तोच नियम आपण हँडलच्या आत पाळायचा.

रंगांत गफलत होऊ देऊ नये. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ असतो. नव्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरव्यावर पिवळा पट्टा म्हणजे अर्थ. अमेरिकेतून आलेल्या हत्यारात काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते. रंगावर विश्वास न ठेवता मीटरने खात्री करावी.

स्क्रूखाली जाणाऱ्या तारांच्या टोकांना कथील लावू नये. दाबाखाली कथील हळूहळू दबते, स्क्रू सैल होतो आणि जोड तापतो. तारा नुसत्या पिळून घट्ट आवळाव्या. हँडलच्या आत काळी टेप गुंडाळू नये, कारण उष्णतेने तिचा गोंद वितळून ती सुटते. तेथे काचतंतूची स्लीव्ह किंवा चिनी मातीचे मणी वापरावेत. कॉर्ड जेथे हँडलमध्ये शिरते तेथे तिला पकडणारी पट्टी असलीच पाहिजे, म्हणजे ओढ जोडावर येणार नाही.

एलिमेंट गेले असेल तर त्याच व्होल्ट-वॅटचे नवे घालावे. अभ्रकाचे तुकडे आत सरकवून जुनेच चालवण्याचा जुगाड करू नये. फार जुन्या आयर्नमध्ये पांढरट दोरी किंवा पुठ्ठा असेल तर तो ॲसबेस्टॉसचा असू शकतो. त्याची धूळ फुंकरीने उडवू नये. पाणी शिंपडून ओली करावी आणि पिशवीत बांधून दूर ठेवावी. साध्या कथलात ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. त्यामुळे चहा-नाश्त्यापूर्वी हात साबणाने धुतलेच पाहिजेत.

दोन पिनच्या स्वस्त आयर्नविषयी एक शब्द. ज्या हत्याराला अर्थ लागत नाही, त्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असते. ते चिन्ह नसेल आणि प्लग दोन पिनचा असेल, तर त्या आयर्नला कसलेच संरक्षण नाही. तीन तारांची कॉर्ड घालून, कवचाचा धातू खरवडून, अर्थची तार स्क्रूने पक्की बसवता येत असेल तर बसवावी आणि दुसरी तपासणी पुन्हा करावी. ती पक्की बसत नसेल तर तो आयर्न घेऊ नये.

दुकानाची अर्थ

आयर्नला अर्थची वायर जोडली, पण दुकानाच्या सॉकेटमध्ये मोठ्या भोकामागे काहीच नसेल, तर सगळी मेहनत वाया. जुन्या दुकानांत असे सर्रास आढळते. पाण्याच्या नळाला अर्थ जोडण्याची जुनी रीत आता निकामी आहे, कारण नळाचे पाईप प्लॅस्टिकचे झाले. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना आपसात जोडण्याचा जुगाड तर जीवघेणा आहे. वाटेत कोठे न्यूट्रल तुटला, तर दुकानातल्या प्रत्येक हत्याराच्या अंगावर २३० व्होल्ट येतात.

आपल्या जिल्ह्याच्या मातीचाही येथे विचार करावा लागतो. काळी जमीन ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती वाळून भेगाळते आणि अर्थच्या सळईपासून सुटते. म्हणून उन्हाळाभर अर्थच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. उलट पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांत, खारी माती वीज छान वाहते पण लोखंड खाऊन टाकते. तेथे पाच-सात वर्षांपूर्वी पुरलेली सळई जमिनीखाली शाबूत असेलच असे नाही. परवानाधारक वायरमनकडून वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, अर्थ मोजून घ्यावी.

ती मोजण्याचे कारण हिशेबात आहे. अर्थचा अडथळा १०० ओहम असेल आणि आयर्नच्या धातूत थेट फेज उतरला, तर अर्थमधून २.३ अँपियर वाहतील. पाच अँपियरचा फ्यूज उडणार नाही आणि आयर्नचा धातू जिवंतच राहील. आरसीसीबी असेल तर ३० मिलिअँपियरलाच पुरवठा क्षणात तुटेल. म्हणून चांगली अर्थ आणि आरसीसीबी या दोन्ही गोष्टी दुकानात हव्यात. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटन महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे पाहावे.

मात्र आरसीसीबी आहे म्हणून मीटर बाजूला ठेवू नये. सुरुवातीला सांगितलेल्या आयर्नमधून साडेअकरा मिलिअँपियर गळत होते. तेवढ्यावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी पडत नाही, पण हात मात्र आखडतो. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर आरसीसीबीला काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक बल्बच असतो.

धक्का बसलाच तर

आधी मेन स्विच बंद करावा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करावी. माणसाला हात लावू नये. तो वेगळा झाल्यावर श्वास पाहावा. श्वास थांबला असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. माणसाला मातीत पुरणे, तळपाय चोळत बसणे यांत मोलाची मिनिटे वाया जातात. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात दाखवून आणावे. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

विकणाऱ्यांसाठी दोन शब्द

जुना माल विकणाऱ्या बंधूंना आमची विनंती आहे. तपासलेला आणि न तपासलेला माल वेगळा ठेवा आणि गिऱ्हाईकाला तसे सांगून विका. ऐब सांगून चार रुपये कमी मिळाले तरी ती कमाई साफ असते. जो आयर्न गळतीच्या तपासणीत बाद झाला आणि ज्याचे एलिमेंट मिळत नाही, त्याची कॉर्ड मुळापासून कापून मगच तो भंगारात टाका. कॉर्डसह टाकलेला आयर्न पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर पोहोचतो. तो कुणीतरी बहुधा उस्तादाच्या हाताखाली काम शिकणारा मुलगाच असतो, आणि त्याला "तापतो का बघ" एवढेच शिकवलेले असते.

नवा साधा आयर्न काही शे रुपयांत मिळतो. जुना घेऊन जे पैसे वाचतात ते मीटर लावून तपासण्याच्या पाच मिनिटांत कमावलेले असतील तरच ती खरी बचत. आपल्या दुकानातला आयर्न आजच प्लगातून काढावा, थंड होऊ द्यावा, आणि मोठी पिन आणि बिट यांच्यामध्ये मीटर लावून पाहावा. आकडा एक ओहमच्या आत आला तर गळतीही मोजावी. आकडा आलाच नाही तर आजचे पहिले काम त्याच आयर्नचे करावे. गिऱ्हाईकाचा पंप तासभर थांबू शकतो.